गाडी कापण्याचा हक्क

फोर्डने १९५३ साली ब्रिटिश बाजारात 'पॉप्युलर १०३ई' ही छोटी सलून मोटार आणली, तेव्हा तिच्यात नवं असं फारसं काही नव्हतं. त्याच वर्षी कंपनीने अँग्लिया आणि प्रिफेक्ट यांचे नवे नमुने काढले होते. त्यांची बॉडी एकसंध होती, ब्रेक हायड्रॉलिक होते. पॉप्युलरसाठी मात्र जुन्या अँग्लियाचाच साचा ठेवला आणि त्यातून जे जे वगळता येईल ते वगळलं. हीटर नाही. बंपरला क्रोमऐवजी रंग. बेकेलाइटच्या डॅशबोर्डच्या जागी सपाट पत्रा. पुढची काच पुसायला एकच वायपर, आणि तोही इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालणारा. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ही ओढ कमी होते आणि भर पावसात वायपर काचेवर रेंगाळू लागतो. किंमत करासकट ३९० पौंड. 'द मोटर' या नियतकालिकाने १९५४मध्ये चाचणी घेतली, तेव्हा तिचा कमाल वेग ताशी साठ मैलांच्या किंचित वर गेला आणि ताशी पन्नास मैल गाठायला तिला २४ सेकंद लागले. १९५९पर्यंत अशा १,५५,३४० गाड्या बनल्या. आज ब्रिटनमध्ये याच गाडीचं छप्पर कापून खाली घेतलेलं, चाकं रुंद केलेली आणि बोनेटखाली साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलेलं दिसतं, तेव्हा जुन्या मोटारींवर प्रेम करणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडतात. एका तटाला त्यात कारागिरी दिसते, दुसऱ्याला नासधूस. माझं मत पहिल्या तटाच्या बाजूचं आहे, पण त्याची कारणं आवडीनिवडीच्या पलीकडची आहेत. पॉप्युलरसारख्या गाडीची 'हॉट रॉड' करणं, म्हणजे जुन्या हलक्या गाडीत मोठं इंजिन घालून तिला पायापासून नव्याने घडवणं, हा त्या गाडीच्या इतिहासाचाच पुढचा टप्पा आहे. अट एकच: ते काम यंत्र म्हणून खरं असलं पाहिजे.

नासधूस म्हणणाऱ्यांचा सगळा भर 'मूळ' गाडीवर असतो. म्हणून पॉप्युलरचं मूळ कुठे आहे ते आधी पाहायला हवं. तिचं ११७२ सीसीचं इंजिन १९३४पासून फोर्डच्या ब्रिटिश गाड्यांत वापरात होतं. बॉडीची घडण १९३०च्या दशकाच्या अखेरची. इंजिनाचा आकार तर अभियंत्यापेक्षा करवसुली खात्याने ठरवला होता. ब्रिटनमध्ये तेव्हा मोटारीवरचा वार्षिक कर 'करापुरत्या अश्वशक्ती'वर आकारला जाई. तिचं गणित असं: सिलिंडरचा व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. फोर्डने व्यास बरोबर अडीच इंच ठेवला. चार सिलिंडरचं उत्तर नेमकं दहा येतं. पिस्टन वरखाली किती अंतर धावतो हे त्या सूत्रात कुठेच नव्हतं, म्हणून सिलिंडर अरुंद आणि लांब झाले: व्यास ६३.५ मिलिमीटर, धाव ९२.५ मिलिमीटर. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, त्यामुळे हवा आत यायला आणि जळका वायू बाहेर पडायला वाट अडचणीची. जास्तीत जास्त तीस अश्वशक्ती, एवढंच हे इंजिन देऊ शके. ही करपद्धत १९४०च्या दशकाच्या अखेरीस रद्द झाली, तरी इंजिन तेच राहिलं. म्हणजे १९५३ची ही 'मूळ' गाडी स्वतःच जुन्या साच्याची, जुन्या कायद्याची आणि काटकसरीची जोडाजोड होती. तिच्या घडणीत एखाद्या कलावंताचा असा अंतिम शब्द नव्हता, की ज्याला हात लावणं म्हणजे अपमान ठरावा.

शिवाय ती बाजारात आली तेव्हाच तिच्या भाऊबंदांना कापणं सुरू झालेलं होतं, आणि ते करणारे लोक आज ब्रिटिश मोटारशर्यतीच्या इतिहासात मानाने घेतले जातात. १९३९मध्ये स्थापन झालेल्या '७५० मोटर क्लब'ने ऑस्टिन सेव्हनसारख्या स्वस्त गाडीचे सुटे भाग घेऊन स्वतःची शर्यतीची गाडी बांधण्याची परंपरा रुजवली. १९५३मध्ये त्याच क्लबने ११७२ सीसी फोर्ड इंजिनांसाठी वेगळा शर्यतगट काढला. कॉलिन चॅपमनने आपली पहिली गाडी १९४८मध्ये एका ऑस्टिन सेव्हनवरून बांधली. पुढे त्याच्या 'लोटस मार्क सिक्स'मध्ये फोर्डचं हेच बाजूच्या व्हॉल्व्हचं इंजिन बसवता येई. पुढचा ॲक्सल तर फोर्डचाच, मधोमध कापून दोन्ही चाकांना वेगळं उचलता येईल असा केलेला. आज अशी लोटस कुणाकडे असेल तर तो कापलेला ॲक्सल ती अस्सल असल्याची खूण समजला जातो. मग तेच काम चॅपमनने केलं की इतिहास आणि एखाद्या गॅरेजवाल्याने केलं की विटंबना, हा न्याय टिकत नाही. फरक कौशल्याचा असू शकतो, आणि तो तपासावा. गाडीला हात लावायचा की नाही, हा प्रश्न मात्र त्याच वेळी निकालात निघाला होता.

हॉट रॉड हा अमेरिकन शौक आहे, ब्रिटिश सलूनवर तो कलम केलेला दिसतो, असाही एक आक्षेप आहे. उगम अमेरिकन आहे हे खरंच. १९३२च्या फोर्ड व्ही-८ गाड्यांचे मडगार्ड आणि छप्पर उतरवून कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर वेग आजमावणारी पोरं, १९३७ची साउदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, १९४८मध्ये निघालेलं 'हॉट रॉड' मासिक, ही वंशावळ सर्वांना ठाऊक आहे. पण वाहतूक दोन्ही बाजूंनी झाली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रॅग रेसवाल्यांनी छोट्या ब्रिटिश अँग्लिया मुद्दाम शोधून आणल्या. नव्वद इंचांचा व्हीलबेस आणि हलकं अंग, यांत मोठं इंजिन बसलं की सरळ पट्टीवर ती भल्या मोठ्या गाड्यांना मागे टाके. त्याच काळात सिडनी ॲलार्डने ब्रिटनमध्ये ड्रॅग रेसिंग रुजवलं. हा माणूस स्वतः बांधलेल्या गाडीतून १९५२ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. १९६४मध्ये डॉन गार्लिट्ससारखे अमेरिकन चालक ब्रिटनमध्ये येऊन धावले, आणि १९६६मध्ये बेडफर्डशायरमधल्या पॉडिंग्टनच्या विमानतळावर 'सांता पॉड' ही कायमची धावपट्टी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात याच धावपट्टीवरून अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं उडत होती. १९७०मध्ये 'कस्टम कार' मासिक निघालं, १९७२मध्ये ब्रिटनची नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशन स्थापन झाली. पन्नास वर्षांहून जुन्या गोष्टीला परकी म्हणायचं, तर ब्रिटिशांचं बरंच काही परकं ठरेल.

या देवाणघेवाणीचा सगळ्यात बोलका पुरावा ते व्ही-८ इंजिनच आहे. जनरल मोटर्सने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्यूकसाठी ॲल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं इंजिन काढलं, तीनेक वर्षांत ते सोडून दिलं. रोव्हर कंपनीने १९६५मध्ये त्याचे हक्क घेतले आणि १९६७पासून आपल्या मोठ्या सलूनमध्ये ते बसवायला सुरुवात केली. पुढे रेंज रोव्हरपासून कितीतरी ब्रिटिश गाड्यांत ते गेलं. ओतीव लोखंडाच्या अमेरिकन व्ही-८पेक्षा ते बरंच हलकं. साधारण दीडशे अश्वशक्ती देणारं. आणि भंगारात निघालेल्या रोव्हरमधून सहज मिळणारं. अमेरिकेने टाकलेलं इंजिन ब्रिटनने जगवलं, आणि रोव्हरच्या पत्र्याला गंज लागल्यावर तेच इंजिन पॉप्युलरच्या बोनेटखाली आणखी काही दशकं धडधडत राहिलं. टाकाऊतून टिकाऊ करण्याची ही साखळी ज्याला दिसते, त्याला 'उधळपट्टी' हा शब्द वापरताना थोडं थांबावं लागेल.

आता प्रत्यक्ष काम. आक्षेप घेणाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं की मोठं इंजिन आणायचं, बोल्ट मारायचे आणि रंग द्यायचा. असं केलं तर गाडी पहिल्याच वळणावर आपली चूक दाखवून देईल. पॉप्युलरची चॅसी उघड्या पन्हाळीसारख्या पट्ट्यांची आहे. तीस अश्वशक्तीला ती पुरते. व्ही-८ची पिळवटणारी ताकद तिच्यावर आली की ती पिळते, दारं नीट लागेनाशी होतात आणि काचेच्या कोपऱ्यांना तडे जातात. म्हणून पन्हाळीची उघडी बाजू पट्टीने बंद करून तिची पेटी करतात. ते वेल्डिंगही एका दमात नाही. थोडा टाका इथे, थोडा टाका तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर उष्णतेने आख्खी चॅसी केळीसारखी वाकते. पुढे एक आणि मागे एक असे गाडीच्या रुंदीत आडवे बसवलेले पाटे, हीच तिची सगळी सस्पेन्शन. ती काढावी लागते. मागच्या बाजूला पुष्कळ जण जग्वारचं स्वतंत्र सस्पेन्शन वापरतात. त्यात अर्धा ॲक्सलच वरच्या दांड्याचं काम करतो आणि डिस्क ब्रेक चाकाजवळ नसून मधल्या डिफरन्शियलला चिकटून असतात. घडण सुरेख, पण ती पॉप्युलरपेक्षा कितीतरी रुंद गाडीसाठी बनलेली. तिचे दांडे आणि शाफ्ट कापून आखूड करावे लागतात, आणि ब्रेकची उष्णता डिफरन्शियलच्या तेलापर्यंत पोचू नये म्हणून हवेची वाट ठेवावी लागते. व्ही-८ लांबीला आखूड असतं पण रुंदीला पसरट, आणि पॉप्युलरचं नाक निमुळतं. स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे त्याचा दांडा उजव्या बाजूच्या एक्झॉस्ट पाइपच्या नेमका आड येतो. ही गाठ सोडवायला इंजिन मागे सरकवतात, मधली पत्र्याची भिंत कापून नव्याने घडवतात; त्यामुळे वजन दोन्ही ॲक्सलमध्ये बरं वाटलं जातं, पण चालकाच्या पायांची जागा कमी होते. एक सोडवलं की दुसरं समोर येतं, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी देऊन काहीतरी घ्यावं लागतं.

छप्पर खाली घेणं हे तर पत्राकामातलं सर्वांत अवघड कौशल्य. समजा तीन इंच कापायचे. खिडक्यांमधल्या खांबांतून तीन-तीन इंचांचे तुकडे काढले आणि छप्पर खाली ठेवलं, की लक्षात येतं की पुढचे खांब जुळतच नाहीत, कारण ते सरळ उभे नसून मागे झुकलेले आहेत. खालचा कापलेला बुंधा पुढे आणि वरचा तुकडा मागे राहतो. मग एक तर खांबांचा कल बदलायचा किंवा छप्पर आडवं कापून दोन भाग करायचे आणि मध्ये नव्या पत्र्याची पट्टी जोडायची. दारांच्या चौकटीही त्याच मापाने कापायच्या, आणि हे सगळं करताना दार आणि खांब यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी ठेवायची. पॉप्युलरच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे: तिच्या काचा सपाट आहेत, त्यामुळे लॅमिनेटेड काच हव्या त्या मापात कापून घेता येते. टफन केलेल्या काचेला कटर लावला तर तिचे क्षणात दाणे होतात. जोडांवर लांबी थापून वेळ मारून नेता येते, पण जाणकार बॉडीवाले अजूनही तापवलेलं शिसं लाकडी थापीने पसरवून जोड भरतात, मग कानशीने घासतात. नवख्याने भरलेली जाड लांबी दोन पावसाळ्यांत फुगते आणि तडकते. शिशाचा जोड पत्र्याबरोबर राहतो. एवढं करून गाडीचा जो आकार होतो, तो तिच्या मूळ रेषा पुसत नाही. उलट बुटक्या, उंच टोपीच्या त्या गाडीच्या पोटात दडलेलं वळण त्यामुळे वर येतं.

वारशाचा आक्षेप मी हलका मानत नाही. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिने २०१२मध्ये मंजूर केलेली 'तुरिन सनद' जतनाला पुनर्बांधणीपेक्षा वरचं स्थान देते, बदल नोंदवून ठेवा आणि शक्यतो उलटवता येतील असे करा, असं सांगते. ही भूमिका मला योग्य वाटते आणि तिच्यातून एक स्पष्ट मर्यादाही निघते: जिचा मूळ रंग, मूळ सीट, मूळ इंजिन सगळं जागेवर आहे अशी चालती पॉप्युलर कुणी कापू नये. तशा गाड्या आता मोजक्या आणि त्यांची जागा तशाच राहण्याची. पण दीड लाखांहून जास्त बनलेल्या गाडीचे जे सांगाडे गवतात, कोठारात, तळाशी गंजून पडले आहेत, ज्यांचं इंजिन कधीच दुसऱ्या गाडीत गेलं आहे, त्यांच्यापुढे खरा पर्याय 'मूळ की हॉट रॉड' असा नसतो. तो 'हॉट रॉड की भट्टी' असा असतो. आणि दुसरी एक अडचण सनदवाल्यांपुढे आहे. १९७५च्या आसपास बांधलेली हॉट रॉड आज स्वतःच पन्नास वर्षांची झाली. तिच्यावरचा त्या काळचा चमकीचा रंग, तिची रुंद चाकं, हा ब्रिटिश कामगारवर्गातल्या तरुणांच्या एका पिढीचा दस्तऐवज आहे. ती 'मूळ' स्थितीला न्यायची म्हणजे पन्नास वर्षांचा खरा इतिहास खरवडून १९५३चा खोटा इतिहास रंगवायचा. ब्रिटिश कायद्यानेही हे अप्रत्यक्षपणे मान्य केलं आहे: मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते ती गेल्या तीस वर्षांत त्यांच्यात मोठा बदल झालेला नसेल तर. म्हणजे त्याआधीचा बदल हा आता गाडीचाच भाग मानला जातो.

सुरक्षिततेचा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि इथे मी हॉट रॉडवाल्यांना कसलीही सवलत देणार नाही. पॉप्युलरचे ब्रेक सळ्यांनी ओढले जाणारे, यांत्रिक. वेग साठ मैलांवरून शंभर मैलांवर गेला तर गाडी थांबवताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती पावणेतीन पटींहून जास्त होते. त्या सळ्यांवर व्ही-८ बसवणं हा गुन्हाच आहे, कायद्यात लिहिलेला असो वा नसो. म्हणून क्रम आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग चॅसी आणि शेवटी इंजिन असाच असला पाहिजे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ यासाठी गुणांची पद्धत होती. मूळ, न बदललेल्या चॅसीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. आठ गुण राखले तर गाडीचा जुना नंबर राहतो. नाही तर स्वतंत्र तपासणी आणि 'क्यू'ने सुरू होणारा नंबर. या पद्धतीचा हेतू चांगला होता: एखाद्या मेलेल्या गाडीची कागदपत्रं विकत घेऊन त्यांच्या नावावर सगळी नवीच गाडी उभी करण्याची चलाखी रोखणं. पण तिच्यात एक विपरीत गोष्ट होती. इंजिन बदललं तर फक्त एक गुण जाई. आणि तेच इंजिन पेलायला चॅसी मजबूत केली, तर ती 'बदललेली' ठरून पाच जाऊ शकत. सुरक्षित काम करणाऱ्याला शिक्षा आणि धोका पत्करणाऱ्याला जुना नंबर, अशी ही उलटी व्यवस्था होती. ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्या परवाना यंत्रणेने धोरण बदललं. रचनेत मोठे बदल झालेल्या गाड्यांनाही, ते बदल कळवले तर, मूळ ओळख ठेवता येण्याची वाट मोकळी झाली. ज्या बदलाची नोंद करायला भीती वाटत नाही, तोच बदल उघडपणे आणि नीट केला जातो.

आवाज आणि धूर यांबद्दल मी थोडक्यात सांगतो: वर्षातून काही शे मैल धावणाऱ्या गाड्यांचं प्रदूषण रोजच्या वाहतुकीपुढे नगण्य आहे, पण शेजाऱ्याच्या झोपेवर कुणाचाच हक्क नाही. चांगला सायलेन्सर बसवणं हे काही कारागिरीला कमीपणा आणणारं नाही.

हा वाद आपल्यापासून दूर आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मालकाला उत्पादकाच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. इंधन बदलायला मात्र मंजुरी घेऊन वाव आहे. जुलै २०२१मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही. म्हणजे एकीकडे जशीच्या तशी जपलेली गाडी आणि दुसरीकडे बेकायदा गाडी. मधली वाट नाही. याच देशात मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश सलूनची ॲम्बॅसॅडर झाली आणि २०१४पर्यंत बनत राहिली. तेवढ्या काळात तिच्या १९५०च्या दशकातल्या अंगात डिझेल इंजिन आलं, पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. जुन्या ब्रिटिश सलूनमध्ये नवं परकं इंजिन, हे काम उत्तरपाड्याच्या कारखान्याने केलं तेव्हा ते उत्पादन होतं. तेच काम मुंबई-पुण्यातल्या एखाद्या निष्णात गॅरेजने अभियंत्याच्या देखरेखीखाली केलं तर त्याची तपासणी करून नोंद करणारी खिडकीच आपल्याकडे नाही. पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे; जुन्या गाडीत बसवायच्या विद्युत संचांची चाचणी अशा संस्थांत होते. एकेका गाडीचे ब्रेक, चॅसीचे जोड आणि स्टिअरिंग तपासून तिला प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था त्याच धर्तीवर, खर्च मालकाकडून घेऊन, उभी करता येईल. पहिली काही वर्षं ती फक्त चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीला नेण्यापलीकडे गेलेल्या गाड्यांपुरती ठेवावी, कापण्याआधीचे फोटो आणि मापं अर्जासोबत मागावीत, आणि काढलेल्या मूळ भागांची यादी नोंदणीपुस्तकाला जोडावी.